स्थळ पाहणे

मराठीत 'स्थळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भूगोलातला, दुसरा सोयरिकीतला. २०२२ च्या दिवाळीपासून २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत आम्ही उभयता अकोले तालुक्यात जमीन पाहत हिंडत होतो. त्या हिंडण्याला दोन्ही अर्थांनी 'स्थळ पाहणे' म्हणावे लागेल. चहा घेऊन, पाणी पिऊन, 'कळवतो' असे सांगून आम्ही किती बांधांवरून परतलो याची मोजदाद नाही. रूप, कूळ, देणेघेणे यांची चौकशी आम्ही करीत होतो. पाहावयास येणाऱ्यालाही समोरचे पाहत असतात, हे लक्षात यावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांची ही हकीकत आहे. तिच्या शेवटी जमीन घेतल्याची बातमी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आम्ही दोघेही पुण्याच्या एका उपनगरात, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वये पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मराठी हा विशेष विषय घेणारी मुले वर्षागणिक कमी होत आहेत. अहवाल, मूल्यांकन आणि मूल्यांकनाचे अहवाल यांतच दिवस सरतो. २०२० च्या टाळेबंदीत पडद्यावरील मुक्या चौकोनांशी बोलबोलून घसा बसला. तेव्हापासून घरात एक विषय वारंवार निघू लागला. पोटापुरते पिकवावे, शेतातच घर बांधून राहावे, पन्नाशीच्या आसपास नोकरीतून मोकळे व्हावे. शेतात घर करून राहण्याला आमच्या मुलखात 'वस्ती करणे' म्हणतात. शहरात 'वस्ती' म्हटले की पत्र्याची दाटी डोळ्यांपुढे येते. गावाकडे वस्तीवर राहतो तो बहुधा स्वतः कसणारा असतो. आम्हांला तसे वस्तीवरचे माणूस व्हावयाचे होते.

या इच्छेचे मूळ बरेचसे पुस्तकात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुर्गा भागवतांनी केलेला 'वॉल्डन'चा अनुवाद, 'वॉल्डनकाठी विचारविहार', आम्ही अनुवाद-अभ्यासाच्या तासाला वर्षानुवर्षे हाताळत आलो आहोत. थोरो त्यातील एका प्रकरणात आसपासची शेते मनातल्या मनात विकत घेत हिंडतो. एका शेताचा व्यवहार तर जवळजवळ पुरा होतो. पण मालकाच्या बायकोचे मन फिरते आणि सौदा मोडतो. वर्गात या प्रसंगावर मुले हसतात. आम्हीही हसत आलो. त्या बायकोचे मन का फिरले असेल, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता.

अकोलेच का, यालाही कारणे होती. विद्यार्थिदशेत हरिश्चंद्रगड, रतनगड ही ठिकाणे पायांखालून गेलेली. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच तालुक्याच्या हद्दीवर आहे. प्रवरा, मुळा आणि आढळा या तीन नद्यांची खोरी. पुणे-नाशिक रस्त्यावरचे संगमनेर हाकेच्या अंतरावर. शिवाय कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि गावठी बियाण्यांची त्यांची बँक वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. शाळेची पायरी न चढलेली एक शेतकरी बाई ज्या तालुक्यात वालाचे आणि भाताचे जुने वाण जपून ठेवते, तेथे आपल्यालाही काही शिकता येईल, असे मनात आले. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. आमचे हिंडणे या दोन्ही नावांखाली झाले.

आम्ही प्राध्यापक माणसे. एक वही केली. तीत नऊ रकाने आखले : पाऊस, पाणी, माती, रस्ता, वीज, दवाखाना, बाजार, कायदा आणि शेजार. प्रत्येक गावाला प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला वैतागून निघालेली माणसे तेच हत्यार घेऊन गावांच्या दारात उभी राहिली होती. त्या वेळी मात्र ते आमच्या ध्यानात आले नाही.

* * *

पाऊस आणि पाणी असे दोन वेगळे रकाने कशासाठी, असे आमच्या एका सहकाऱ्याने विचारले होते. अकोल्यात हा प्रश्न कोणी विचारणार नाही. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तालुक्याच्या पूर्व टोकाला तो पाचशेच्या आसपास उतरतो. कोकण आणि माणदेश एकाच तहसीलदाराच्या हाताखाली नांदावेत, तसा हा प्रकार आहे. पश्चिमेच्या डोंगराळ भागाला 'डांगाण' म्हणतात. तेथील डांगी जनावरांच्या कातडीला एक नैसर्गिक ओशटपणा असतो, त्यामुळे ती धो धो पावसातही तग धरतात. भात, नागली, वरई, खुरासणी ही तेथील पिके. मधला पट्टा राजूर-कोतूळचा. पूर्वेला प्रवरेकाठी काळी जमीन, ऊस, कांदा, टोमॅटो.

डांगाणात पाऊस आहे म्हणून पाणी आहे असे मात्र नाही. खाली अखंड काळा पाषाण आणि वर हातभर माती. पडलेला थेंब थांबत नाही. जुलैत ज्या वाडीत पावसाने आम्हांला दोन दिवस एका घराच्या ओट्यावर बसवून ठेवले, त्याच वाडीत २०२३ च्या एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरीत होत्या. वहीत पावसापुढे दहा आणि पाण्यापुढे दोन असे गुण लिहिताना हात अडखळला.

या तालुक्याच्या उशाला पाणी नाही असेही नाही. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांत गेले, तेथे ऊस झाला, उसावर कारखाने झाले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. सहकाराच्या इतिहासाचा हा धडा आम्ही शाळेत पाठ केला होता. तो कालव्याच्या खालच्या तोंडाशी बसून लिहिलेला धडा होता. धरणाच्या वरच्या अंगाला उभे राहिले की पाणी दिसते, पण ते आपले नसते. पुढे प्रवरेवरच निळवंडे धरण झाले. त्याची कल्पना १९७० सालची, आणि डाव्या कालव्यातून पाणी वाहिले ते २०२३ साली. मधल्या काळात जमिनी गेलेल्यांची एक पिढी सरली.

उरलेल्या रकान्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे. रस्ते पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे. वीज पावसाळ्यात जाते ती कधी येईल याचा नेम नाही. पूर्वेच्या उसात बिबट्या आहे आणि त्याच उसाला पाणी धरावयास माणूस रात्री एकटा जातो, कारण पंपाला वीज पुष्कळदा रात्रीच असते. आमच्यापैकी एकाला मधुमेह आहे. डांगाणातून मोठा दवाखाना गाठावयाचा तर संगमनेर किंवा नाशिक. माती मात्र समजावयास वेळ लागला. आम्ही एकरी उत्पन्नाचे हिशोब मांडीत असू. एका शेतकऱ्याने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, 'दोघांच्या पोटाला कितीसं लागतं? भात पिकंल. पन आवणी वेळंला झाली तर.' आवणी म्हणजे राबात वाढवलेली रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावणे. तिला पावसाची सात-आठ दिवसांची एक संधी असते, आणि एकराला वीसेक माणसांचा दिवस लागतो. हे वाक्य आम्ही 'माती'च्या रकान्यात लिहून ठेवले. ते कोणत्या रकान्यात जावयास हवे होते, हे नंतर कळले.

* * *

'कायदा' हा रकाना आम्ही शेवटी भरावयास घेतला. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यावयाची तर घेणारा आधीच शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने हे बंधन घातले आहे. आम्ही शेतकरी आहोत, म्हणजे कागदावर आहोत. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात वडिलार्जित साडेपाच एकर जिरायत आहे आणि तिच्या सातबाऱ्यावर वारसनोंदीने आमच्यातील एकाचे नाव लागले आहे. ही जमीन गेली तीस वर्षे चुलतभाऊ कसतो. बाजरी, मटकी, साधले तर ज्वारी. आम्ही वर्षातून एकदा जत्रेला जातो आणि परतताना गाडीत त्याने ठेवलेले बाजरीचे पोते असते.

आमचा बेत असा होता की माणमधील हिस्सा विकावा आणि त्या पैशात अकोल्यात घ्यावे. पाऊस नसलेला तालुका देऊन पाऊस असलेला तालुका घ्यावयाचा, इतका तो सोपा होता. 'आधी घ्या, मग विका. नाहीतर मधल्या काळात तुमचे शेतकरीपण जाईल,' असा सल्ला एका वकिलाने दिला. चुलतभावाला आम्ही काही सांगितले नव्हते.

सातबारा हा वाङ्मयप्रकार तोवर आम्ही लक्षपूर्वक वाचला नव्हता. गाव नमुना सात हा हक्कांचा आणि बारा हा पिकांचा, असे दोन नमुने मिळून हा एक कागद होतो. त्यात विशेषणे नसतात, पण एखाद्या घराण्याची तीन पिढ्यांची वाताहत चार फेरफार क्रमांकांत मावलेली असते. डांगाणातील सातबाऱ्यांवर 'इतर हक्क' या रकान्यात एक नोंद पुनःपुन्हा भेटू लागली : कलम ३६-अ. जमीन महसूल संहिता १९६६ ची. तीत १९७४ च्या कायद्याने हे कलम घातले गेले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा कोणत्याही मार्गाने जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून देता येत नाही. विक्रीला राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. तालुक्याच्या पश्चिमेला महादेव कोळी आणि ठाकर यांची गावे आहेत आणि तो भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. म्हणजे आमच्या डोळ्यांना जेवढे हिरवे दिसत होते, त्यातले बहुतेक आमच्यासाठी नव्हते. आम्ही वहीत लिहिले : 'कायदा – अडचण. गुण ०.'

२०२४ चा मे महिना संपत आला होता. काजवे पाहणाऱ्यांच्या गाड्यांनी भंडारदऱ्याचा रस्ता तुंबला होता. त्या गर्दीतून एका मध्यस्थाने आम्हांला जलाशयाच्या अंगाची एक जमीन दाखवावयास नेले. गावाचे नाव येथे लिहीत नाही. अडीच एकर, उतरंडीने बसवलेली भाताची खाचरे, बांधावर आंबा आणि हिरडा, वरच्या कोपऱ्यात उन्हाळ्यातही न आटलेला झरा. आमच्या वहीतील बहुतेक रकाने त्या एका तुकड्याने भरून टाकले. सातबाऱ्यावर ३६-अ होतेच. मध्यस्थ म्हणाला, 'सर, नावावर होत नाही म्हणून अडतंय कुठं? नव्व्याण्णव वर्षांचा करार लिहून घेऊ. सातबारा त्याचा, ताबा तुमचा. घर बांधा, झाडं लावा.'

यावर आम्ही काय बोललो, ते लिहिल्यावाचून हा लेख पुढे नेता येणार नाही. आम्ही नाही म्हटले नाही. आम्ही विचारले, 'कितीला पडेल?'

मालकाच्या घरी गेलो. साठी उलटलेले जोडपे. बिनदुधाचा चहा आला. बाबांना नातवाच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते आणि ते त्यांनी न लाजता सांगितले. बोलणे मध्यस्थच करीत होता. चुलीपाशी बसलेल्या मावशींनी मध्येच विचारले, 'बाई, तुमी इथं ऱ्हानार, का येऊन-जाऊन?'

'राहणार,' आम्ही म्हणालो.

'मंग आवणीला कोन येईल तुमच्यात?'

'मजूर लावू.'

त्या हसल्या. 'आवणीच्या दिसांत मजूर कुठला? ज्याला त्याला आपलं खाचर. आज आमी तुमच्यात, उद्या तुमी आमच्यात, अशी सावड असते. तुमच्या सावडीला कोन?'

आमच्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या, या वेळी आमच्याकडे न पाहता. 'आन् ह्ये दिल्यावर आमी तरी कुनाच्या सावडीला जायाचं?'

बाबांनी कप खाली ठेवला. मध्यस्थाने विषय बदलला.

* * *

सावड हा शब्द आम्हांला ठाऊक होता. ग्रामीण साहित्य शिकवताना तो आम्ही फळ्यावर लिहीत आलो आहोत : 'सावड, इर्जिक – परस्परसाहाय्याच्या पारंपरिक पद्धती.' परीक्षेत त्यावर टिपा लिहा असा प्रश्न येतो. परंतु सावडीत शिरावयास स्वतःचे रान लागते आणि ते स्वतः कसावे लागते, ही तिची अट आमच्या टिपेत नव्हती. ज्याच्याकडे फेडावयाला खाचर नाही त्याला सावडीत जागा नाही. तो मजुरीला जातो. दिवाळीनंतर या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात आणि जुन्नरच्या बागायतीत कामाला लागतात. पावसाळ्यापूर्वी ती परततात, कारण वर खाचर वाट पाहत असते. ते खाचर आमच्याकडे आले असते तर त्या घराचे परतण्याचे कारणच आम्ही विकत घेतले असते. किंमत आम्ही विचारलीच होती.

त्या रात्री मुक्कामी आम्हांला आणखी एक गोष्ट आठवली आणि झोप गेली. आदिवासी साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आम्ही वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह शिकवतो. त्या पत्रिकेच्या अंतर्गत परीक्षेसाठी, 'आदिवासी साहित्यातील भूमिविषयक जाणीव स्पष्ट करा' हा पंधरा गुणांचा प्रश्न आम्हीच काढला होता. उत्तरपत्रिका तपासून फार दिवस झाले नव्हते.

परतल्यावर आम्ही या भागाचा इतिहास काढून बसलो आणि एका जागी थबकलो. थोरो वॉल्डनच्या काठी राहावयास गेला तो १८४५ च्या जुलैत, आणि परतला १८४७ च्या सप्टेंबरात. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. त्याच वर्षांत अकोल्याच्या या डोंगरांत देवगावचे राघोजी भांगरे कंपनी सरकारला चुकवीत फिरत होते. कोळ्यांच्या जमिनी कर्जापायी सावकारांच्या हाती जात होत्या. राघोजींच्या बंडाचा एक रोख सरकारवर होता तसा दुसरा सावकारांवर. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. दोन गोलार्धांतील दोन राने, वर्षे तीच. एक जण आपखुशीने रानात राहावयास गेला, दुसऱ्याला रानाचाच आश्रय उरला. आम्ही पंधरा-वीस वर्षे पहिल्याविषयी शिकवीत आलो, आणि दुसऱ्याच्या मुलखात जमीन पाहावयास गेलो तेव्हा त्याचे नाव आम्हांला एका चौकाच्या फलकापुरते ठाऊक होते.

ज्या कलमाला आम्ही शून्य गुण दिले होते, त्याची मुळे त्या बंडापर्यंत मागे जातात. शंभर-सव्वाशे वर्षे जमिनी कशा गेल्या, याची ती सरकारी भाषेतील आठवण आहे. नव्व्याण्णव वर्षांचा करार हे सावकारी खताचेच नवे अक्षर होते, आणि या वेळी खत लिहून घेणारे हात मराठीच्या प्राध्यापकांचे असते. अर्थात कलमाचीही एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकणे बरोबर नाही. गरजेच्या वेळी बाबांच्या जमिनीला उघड्या बाजारात गिऱ्हाईक नसते; म्हणूनच चोरवाटेने आलेले आमच्यासारखे गिऱ्हाईक त्यांना स्वस्तात गाठते. कायद्याने जमीन राखली आहे. नातवाच्या फीची तजवीज त्याने केलेली नाही. कलम उठवावे, असा याचा अर्थ आम्ही काढणार नाही. आडवाटेने जाणाऱ्याने स्वतःला उपकारकर्ता समजू नये, एवढाच अर्थ काढतो.

आम्ही मध्यस्थाला नकार कळवला. मग बाबा-मावशींना तो स्वतः जाऊन सांगावा असे वाटले, आणि २०२४ च्या जुलैत आवणीच्या वेळीच गेलो. दोन दिवस खाचरात उतरलो. आमच्या ओळी वाकड्या गेल्या, रोपे उथळ बसली. मावशी मागून येऊन ती पुन्हा लावीत होत्या, म्हणजे कामात आमची भर पडली ती वजा. दुपारी नागलीची भाकरी आणि वालाचे कालवण मिळाले. याला सावड म्हणता येणार नाही. फेडून घ्यावयाला आमचे खाचर नव्हते. तो त्यांनी आमचा केलेला पाहुणचार होता.

असा बेत मनात असलेले सहकारी आम्हांला अधूनमधून विचारतात, तेव्हा आम्ही तीन गोष्टी सांगतो. तालुका दोनदा पाहावा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैत; दिवाळीत सगळीच स्थळे देखणी दिसतात. सातबारा वाचताना मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क' वाचावेत. आणि झरा, रस्ता, दवाखाना यांच्याही आधी, आपल्या सावडीला कोण आणि आपण कोणाच्या, हे विचारावे. आमच्या वहीत 'शेजार' हा नववा रकाना होता. तो एकाही गावापुढे भरलेला नाही.

* * *

'आपण कोणाच्या सावडीला' हा प्रश्न अकोल्यापुरता राहिला नाही. खाचर नव्हते, पण रान तर आमच्यापाशी होते. तीस वर्षांत माणमधील त्या साडेपाच एकरांच्या पेरणीला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. आमच्या हिश्शाची खुरपणी कोणी केली, त्या खुरपणीची फेड कोणाच्या रानात झाली, याचा विचारही कधी केला नव्हता. चुलतभाऊ आणि वहिनी यांनी ती फेडली असणार. मराठेशाहीत गावात जमिनीचा कायम हक्क असलेल्याला मिरासदार म्हणत आणि बाहेरून येऊन कसणाऱ्याला उपरी. माणमध्ये आम्ही न कसणारे मिरासदार होतो, आणि अकोल्यात न कसताच मिरास मागणारे उपरी. विद्यार्थ्यांना 'बनगरवाडी' शिकवताना माणदेशाच्या दुष्काळाचे वर्णन आम्ही गहिवरून वाचतो. त्याच माणदेशातील आपला तुकडा विकून पावसाच्या गावाला जावयाचे आम्ही ठरवले होते.

२०२४ च्या दिवाळीपासून कपाटात एक मसुदा पडून आहे. तो हक्कसोडपत्राचा आहे. त्यावर सही झाली की जमीन कसणाऱ्याच्या नावे होईल. मग आम्ही कागदावरही शेतकरी उरणार नाही. महाराष्ट्रात कोठेही शेतजमीन घेण्याची वाट बंद होईल, आणि वस्ती करून राहण्याचे ते स्वप्नही बहुधा तेथेच संपेल. या लेखात आम्ही सर्वत्र 'आम्ही' लिहिले आहे. पुढच्या दोन वाक्यांपुरते ते खरे नाही. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो म्हणतो, थोडे थांबू, वडिलांची एवढीच खूण उरली आहे. जिचे नाव आजवर कोणत्याच सातबाऱ्यावर लागलेले नाही ती म्हणते, सही करून टाकावी.

मसुद्याची गोष्ट चुलतभावाच्या कानावर गेली आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याचा फोन दर आठवड्याला येतो. तो कागदाविषयी विचारीत नाही. 'पाऊस कसा आहे तिकडं?' एवढेच विचारतो. त्याच्याकडे पेरण्या खोळंबल्या आहेत, हे त्याच्या आवाजावरून कळते. आणि आम्ही त्याला पुण्याच्या पावसाविषयी सांगतो.